अकरा महिन्यांची माती

शनिवार, मुलुंड

महालक्ष्मी एक्स्प्रेसमधून ठाण्याला उतरलो तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं. पिशवीत वर आईने दिलेले बेदाणे आणि तळाला चार किलो काळा गूळ. गूळ मावसबहिणीने मुद्दाम मागवलेला. "पिवळाधमक आणू नकोस हं. गुऱ्हाळातला, बिनपावडरीचा आण," असं तिने दोनदा फोन करून बजावलं होतं. तो खायचा नव्हता, मातीला पाजायचा होता.

ताई बँकेत आहे. आठवडाभर कर्जाची प्रकरणं बघते आणि शनिवार-रविवार गच्चीवर असते. मुलुंड, भांडुप, ठाणे या पट्ट्यात तिच्यासारखी पंचवीस-तीस माणसं आहेत. कुणी निवृत्त, कुणी आयटीतलं, दोन शाळामास्तर, एक फिजिओथेरपिस्ट. पगार नाही, पावती नाही. सोसायट्यांच्या गच्चीवर, शाळांच्या मागच्या मोकळ्या पट्ट्यात माती तयार करायची आणि इतरांना शिकवायची, एवढाच उद्योग. रिजनरेटिव्ह, म्हणजे मातीला पुन्हा जिवंत करणारी शेती म्हणतात तिचे नियम ते पाठ म्हणून दाखवतात: जमीन उघडी टाकायची नाही, उकरायची कमीत कमी, एकच एक पीक लावायचं नाही, मुळं जागेवरच कुजू द्यायची. आम्ही तासगावकडचे द्राक्षवाले. मुंबईची माणसं शेती शिकवणार म्हटल्यावर घरी सगळ्यांची करमणूक झाली. माल उतरायला अजून तीन-चार आठवडे होते, बागेत भाऊ होता, म्हणून आलो.

चहा होतो न होतो तोच सातव्या मजल्याच्या वर. विटांच्या एकेरी थरात आखलेले वाफे, खाली जाड प्लास्टिक, कडेने निळे ड्रम. बेस्टमधून निवृत्त झालेले एक काका ड्रममध्ये काठी फिरवत होते, बारा वेळा उजवीकडे आणि बारा वेळा डावीकडे. "तिकिटं फाडून मनगट तयारच आहे," म्हणाले. त्यांच्या ड्रममध्ये अमृतजल होतं: १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम गूळ, १० लिटर पाणी. तीन दिवस दोन-तीनदा ढवळायचं, मग दसपट पाणी घालायचं. त्यात वाळका पाला दिवसभर भिजवायचा आणि थर देत ढीग रचायचा, प्रत्येक थरावर मूठ-मूठ माती भुरभुरवायची. आठवड्याला एकदा ढीग खालीवर करायचा. महिन्याभराने त्यात दहा तऱ्हेचं बी एकत्र पेरायचं, रोप कोवळं असताना काही छाटून त्याच ढिगावर टाकायचं, पुन्हा वाढू द्यायचं, पुन्हा छाटायचं. असे चार-साडेचार महिने गेले की काळी, हलकी, हाताला न चिकटणारी माती तयार.

आमच्याकडे असंच शेण-गोमूत्राचं जीवामृत नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकर गुरुजींच्या मापाने होतं. २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, दोन-दोन किलो गूळ आणि बेसन, वर मूठभर बांधाची माती. शहरात शेण तबेल्यातून विकत आणावं लागतं, लिफ्टमधून वर न्यावं लागतं आणि लिफ्टमध्ये शेजारी भेटतात. त्यामुळे इथलं माप छोटं. पण ही पद्धत मुळात आमच्याच बाजूची निघाली. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोलकर, गणिताचे प्राध्यापक, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचे थोरले बंधू. त्यांनी प्रयोग परिवार हे शेतकऱ्यांचं जाळं उभं केलं आणि तासगावच्या द्राक्षवाल्यांना पानं मोजायला, ऊन मोजायला शिकवलं. आमचे वडील त्या बैठकांना सायकलवर जायचे. पुढे दीपक सचदे यांनी नर्मदाकाठच्या बजवाड्यात या मातीची कृती घोटून पक्की केली आणि तिथून ती मुंबईच्या गच्च्यांवर चढली. तासगावात मात्र आज द्राक्षाला किती फवारण्या होतात ते मी इथे लिहीत नाही.

मला खरी मजा वाटली ती चिपाडांची. वाफ्यांच्या तळाला वीतभर थर उसाच्या चिपाडांचा, कोपऱ्यावरच्या रसवाल्याकडून फुकट आणलेला. आम्ही ती गुऱ्हाळाच्या चुलवाणात जाळतो. इथे ती दोन कामं करतात: पाणी धरून ठेवतात आणि वजन वाढू देत नाहीत. वजनाचा मुद्दा मोठा आहे. ओल्या मातीचा घनमीटर दीड टनाच्या वर जातो. तेवढी माती गच्चीवर चढवली तर सातव्या मजल्यावरचा माणूस रात्री छताकडे बघत पडेल. चिपाडं, पाला आणि थोडीशी माती या मिश्रणात वांगी, टोमॅटो, घेवडा, माठ, सगळं येतं. मुंबईत हे करणारे पूर्वीही होते. डॉ. दोशी यांनी वांद्र्याला असंच चिपाडात आणि पिशव्यांत पिकवून दाखवलं होतं.

दुपारी सेक्रेटरी वर आले. सभ्य गृहस्थ. गच्चीच्या परवानगीचं पत्र ताईने नव्याने मागितलं होतं. ते म्हणाले, "मॅडम, भाजी चांगलीच आहे. पण गेल्या पावसात ७०२च्या बेडरूममध्ये ओल आली, ती कशामुळे ते कुणाला सिद्ध करता येईना. पत्र देऊ, कमिटीत ठेवू, अकरा महिन्यांचं देऊ." अकरा महिने, भाड्याच्या खोलीला असतात तेवढे. ताई काही बोलली नाही. सगळ्यात जुना वाफा तीन वर्षांचा आहे, आणि त्यात हात घातला की गांडूळ हाताला लागतं.

रविवार, धारावीच्या अलीकडे

सकाळी सायन स्टेशनला सगळे जमले. गटातल्या एका बेननी ठेपले आणले होते, ते फलाटावरच संपले. रविवारी नवीन लोकांना घेऊन कुठेतरी जायचं असा त्यांचा रिवाज आहे. आज महाराष्ट्र निसर्ग उद्यान.

धारावी डेपोच्या समोर, मिठी नदीच्या काठाला ही साधारण ३७ एकरांची झाडी. १९७७पर्यंत इथे मुंबईचा कचरा पडत असे. पुढे झाडं लावायला सुरुवात झाली, आणि १९९४च्या २२ एप्रिलला उद्यान लोकांना खुलं झालं. आत शिरलं की पाच मिनिटांत बाहेरचा हॉर्न विसरायला होतो, पण पायाखाली बघत चालायचं. एका झाडाच्या बुंध्याशी उंदरांनी किंवा घुशींनी माती उकरली होती, तिच्यात पानांचा काळा भुगा आणि त्या भुग्यात जुन्या प्लास्टिकची निळी चिंधी. मास्तरांनी ती चिंधी उचलून मुलांना दाखवली. "ही तुमच्या बाबांपेक्षा मोठी असेल," म्हणाले. वर इतकं जंगल उभं राहिलं तरी खालचं तसंच आहे. माती वरून खाली तयार होते, वर्षाला थोडी थोडी, गळालेल्या पाल्यातून. झाडं लावल्यावर कुणी झाडू मारून पाला जाळला नाही, एवढंच इथे माणसाने केलं.

आणि पाल्यावरूनच गटाचं खरं युद्ध चालतं. जानेवारीत मुंबईच्या देशी बदामांची पानं लाल होऊन गळायला लागतात, पाठोपाठ पर्जन्यवृक्षांची. सकाळी झाडणारे ते ढीग करतात, आणि ढीग हलवायचा कंटाळा म्हणून काडी लावतात. ताईच्या लोकांनी रस्त्यावरच्या झाडणाऱ्यांशी दोस्ती केली आहे. गोणी आम्ही देतो, भरून ठेवा, सकाळी सातला आम्ही नेतो. चहापाणी वेगळं. फिजिओथेरपिस्ट पोरगी स्कूटरवर पुढे-मागे दोन गोणी टाकून मुलुंडभर फिरते. पोलिसाने एकदा थांबवून विचारलं होतं, गांजा आहे का.

परतताना काका मुंबई पोर्ट ट्रस्टची गोष्ट सांगत होते. या सगळ्या मंडळींचं ते मूळ गाव. गोदीतल्या कामगारांसाठी मोठं स्वयंपाकघर होतं, आणि तिथल्या कॅटरिंग अधिकारी प्रीती पाटील यांना रोजच्या भाजीच्या देठा-सालींचं काय करायचं हा प्रश्न पडला. त्यांनी ते सगळं खालच्या कचराकुंडीऐवजी वरच्या गच्चीवर नेलं. पाहता पाहता स्वयंपाकघराच्या डोक्यावर फळबाग उभी राहिली. पुढे त्यांनीच अर्बन लीव्हज हा स्वयंसेवकांचा गट सुरू केला, आणि मुंबईतल्या कितीतरी जणांनी माती पहिल्यांदा हातात घेतली ती तिथे. काकांचं म्हणणं असं की ती बाग जमली कारण साली, गच्ची आणि माणसं तिन्ही एकाच साहेबाच्या ताब्यात होती. सोसायटीत साली एकाच्या, गच्ची सगळ्यांची आणि साहेब कुणीच नाही.

सोमवार

सगळे कामाला. मी एकटाच लोकलने भटकलो. दारात उभं राहिलं की रुळांच्या कडेला पालक, लाल माठ, अळू, मुळा यांचे चौकोन दिसतात. रेल्वेने आपल्या कर्मचाऱ्यांना 'अधिक धान्य पिकवा' योजनेखाली या पट्ट्या कसायला दिल्या होत्या. नाल्याच्या पाण्यावर पिकवतात म्हणून ओरडही होते, आणि ओरड खोटी नाही. पण एका फाटकाजवळ थांबून मी बराच वेळ बघितलं. भैयाने पालकाची जुडी कापली, मुळं वर काढली, झटकली आणि रुळांकडे फेकून दिली. मोकळ्या झालेल्या वाफ्यात लगेच कुदळ. त्याला विचारलं, पालापाचोळा का नाही घालत? तो हसला. "किसके लिए? जमीन साहब की, साहब का तबादला हो जाएगा."

संध्याकाळी ताईला हे सांगितलं. ती भाजी निवडत होती. देठांची टोपली तिने उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, वर नेऊन टाक.

मंगळवार, वसई

वसईबद्दल आधीच सांगतो, इथे मी अर्धा दिवस राहणार होतो आणि पूर्ण राहिलो.

मुंबईकरांना वसई म्हणजे विरार लोकलची गर्दी आणि चिमाजी अप्पांनी १७३९ साली घेतलेला किल्ला. स्टेशनच्या पूर्वेला पाहिलं तर नुसते टॉवर. पश्चिमेला रिक्षा दहा मिनिटं पळाली की दोन्ही बाजूंनी वाड्या लागतात. केळी, नारळ, पानवेली, सोनचाफा, आणि मधूनमधून नवे पांढरे बंगले. पहाटेच्या गाडीच्या मालडब्यातून टोपल्या घेऊन दादर-बोरिवलीला जाणाऱ्या इथल्या बाया मुंबईने पिढ्यान्‌पिढ्या बघितल्या आहेत. लाखो माणसांच्या शहराला खेटून इतकी जुनी बागायत दुसरीकडे कुठे असेल तर मला दाखवा.

आम्हाला घ्यायला आलेला मुलगा चर्चच्या तरुण मंडळातला, कॉम्प्युटर इंजिनिअर, घरी इथली सामवेदी बोली बोलणारा. रविवार सोडून मंगळवारी का, तर त्याची रात्रपाळी असते आणि बावखल दिवसा बघायचं असतं. बावखल म्हणजे वाडीला लागून खणलेलं गोड्या पाण्याचं उथळ तळं. पूर्वी त्यावर रहाट चाले. पावसाचं पाणी त्यात साठतं, जिरतं, आणि आजूबाजूच्या विहिरी गोड राहतात. समुद्र इथून हाकेच्या अंतरावर. गोड पाण्याचा दाब कमी झाला की खारं पाणी जमिनीखालून आत सरकतं. एकदा विहीर मचूळ झाली की केळीची पानं कडेने करपायला लागतात, आणि मग कितीही जीवामृत ओता.

तो आम्हाला त्याच्या गावच्या बावखलाकडे घेऊन गेला. कडेला भेंड आणि करंज, पाण्यावर एक खंड्या. निम्मं तळं जलपर्णीने भरलेलं आणि निम्मं साफ. दर पंधरवड्याला वीस-पंचवीस जण उतरतात. कॅथलिक, वाडवळ, भंडारी, माळी, सगळे. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून जलपर्णी ओढतात आणि काठावर ढीग करतात. ढिगाचं काय होतं ते बघायला मी मुद्दाम थांबलो. शेजारच्या वाडीतली एक म्हातारी बाय घमेलं घेऊन आली, अर्धवट वाळलेली जलपर्णी भरली आणि राजेळी केळीच्या बुंध्याभोवती पसरली. पायाने दाबली. पुन्हा भरायला गेली. तिला आच्छादन हा शब्द कुणी शिकवलेला नव्हता. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "ऊन लागत नाय ना मुळाला. आमची सासू गाळ घालायची. आता गाळ काढायला माणूस मिळत नाय, हे मिळतं."

राजेळी केळ्याची ती सुकेळी करते. पिकलं केळं सोलून उन्हात आठवडाभर, रोज हाताने दाबत, उलटत, मग वाळक्या केळीच्या पानात बांधायची. मधासारखी गडद. मी दोन बांधल्या घेतल्या, एक गाडीतच संपली.

या पट्ट्यात पाण्यासाठी मोठी लढाई झालेली आहे. टँकरवाले विहिरींतून पाणी उपसून इमारतींना विकायचे. त्याविरुद्ध हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिच्या पुढे होते. बाकी महाराष्ट्र त्यांना २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ओळखतो. इथे त्यांना टँकरपुढे उभा राहिलेला माणूस म्हणून ओळखतात. २०२४च्या जुलैत ते गेले. २००९ साली महापालिका झाली तेव्हाही गावांनी विरोध केला, कारण महापालिका आली की जमिनीचा भाव गुंठ्याऐवजी चौरस फुटात निघतो हे त्यांना ठाऊक होतं.

त्या इंजिनिअर पोराने एक गोष्ट सांगितली. बावखल साफ करायला येणाऱ्यांत निम्म्यांच्या स्वतःच्या घरची वाडी आता राहिलेली नाही. विकली गेली. "मग तुम्ही का येता?" म्हटलं. तो म्हणाला, "आमच्या विहिरीला पाणी याच बावखलाचं येतं. वाडी गेली, विहीर आहे ना." कारण इतकं रोकडं असेल तर ते काम टिकतं, असं मला वाटतं. पर्यावरणासाठी म्हणून आलेला माणूस तिसऱ्या रविवारी गळतो. गच्चीवर तेच, आणि बाजारातही तेच.

बुधवार

पाऊस नाही, पूर नाही, तरी लोकल बंद. घरी बसून ताईची वही वाचली. वर्षभरात किती किलो ओला कचरा वर गेला, किती भाजी खाली आली, सगळं तिच्या बँकेच्या अक्षरात. भाजीचा आकडा बघितला तर आमच्या शेतमजुराला हसू येईल. या गच्च्यांतून मुंबईचं पोट भरणार आहे असं कुणी म्हणत असेल तर त्याने ही वही बघावी. चौरस किलोमीटरला वीस हजारांच्या आसपास माणसं राहतात तिथे धान्य पिकवायला जागा कुठून येणार. कचऱ्याचा रकाना मात्र भाजीच्या कितीतरी पट. मुंबईचा रोजचा कचरा सहा हजार टनांच्या वर, आणि त्यात ओलाच जास्त. २०१७ साली महापालिकेने मोठ्या सोसायट्यांना, म्हणजे २० हजार चौरस मीटरच्या वरच्या किंवा रोज १०० किलोंच्या वर कचरा करणाऱ्यांना, ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं. पुष्कळांनी यंत्रं आणून ठेवली, त्यातली बरीच झाकून ठेवलेली आहेत. ताईच्या गटाला बोलावणी येतात ती तिथून. माती शिकायला नव्हे, यंत्र बंद आहे म्हणून. हे लोक जातात, यंत्रावरचं झाकण काढत नाहीत, पाल्याचे ढीग रचतात.

गुरुवार, नेरळ

कर्जत लोकल, नेरळ, तिथून टमटम. इथे जमिनीवरची शेती. डावीकडे माथेरानचा डोंगर, आणि रस्त्याने जाताना दर दोन मिनिटांनी फार्महाऊसच्या प्लॉटची पाटी.

नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी भाताची एक पद्धत बसवली. लोक तिला एसआरटी, म्हणजे सगुणा राइस टेक्निक म्हणतात. एकदाच गादीवाफे करायचे, साडेचार फुटांवर एक. पुन्हा नांगर लावायचा नाही. राब भाजायचा नाही, चिखलणी नाही, आवण म्हणजे रोपं काढणं नाही, लावणी नाही. लोखंडी साच्याने २५ सेंटीमीटरवर भोकं पाडायची आणि भात थेट टोकायचा. कापणीनंतर धसकटं उपटायची नाहीत, मुळं जमिनीतच कुजू द्यायची आणि त्याच वाफ्यावर वाल किंवा हरभरा टोकायचा. चिखल तुडवत पाठ मोडणाऱ्या लावणीपासून सुटका, म्हणून बाया या पद्धतीवर खूश. आणि शेतात पाणी कोंडून ठेवत नसल्याने मिथेनही कमी निघतो.

ज्यांच्या शेतावर गेलो ते काका ही पद्धत आजूबाजूच्या गावांत फुकट शिकवत फिरतात. मोटरसायकलच्या मागे साचा बांधलेला. जानेवारी असल्यामुळे वाल शेंगांवर आलेला. त्यांनी वाफ्याच्या कडेला टिकाव हलकेच घातला आणि एक ढेकूळ उचलून माझ्या हातात ठेवलं. आधीच्या भाताचं मूळ त्यात अजून ओळखू येत होतं, काळं, पोकळ, आणि त्या पोकळीतून वालाचं नवं पांढरं मूळ आत घुसलेलं. नव्या मुळाने जुन्याची वाट पकडली होती. ढेकूळ दाबलं तर सहज फुटलं आणि आत दोन गांडुळं. शेजारच्या नांगरलेल्या शेतातलं ढेकूळ त्यांनी मुद्दाम आणून दिलं. ते हाताने फुटेना, दगडावर आपटलं तेव्हा तुकडे झाले.

मग वाद झाला, आणि चांगला झाला. या पद्धतीत नांगर नाही म्हणजे तणाचा प्रश्न येतो, आणि त्यावर तणनाशक मारतात. गटातली फिजिओथेरपिस्ट पोरगी एकदम उसळली. "मग हे रिजनरेटिव्ह कसं? विष मारून?" काका शांतपणे म्हणाले, "ताई, तुम्ही याल का जुलैत खुरपायला? तीन एकर आहे." ती म्हणाली येईन. ते म्हणाले, "शनिवार-रविवार. आणि तण सोमवारी." सगळे हसले, पण ती हसली नाही, आणि मला तिचं बरोबर वाटतं. मातीतल्या जिवांसाठी नांगर सोडायचा आणि त्याच मातीवर तणनाशक घालायचं, यात विसंगती आहेच. पण काकांचंही मला पटतं, कारण मजूर मिळत नाही हे मी रोज बघतो. त्यांनी स्वतः दोन वाफ्यांवर तणनाशक बंद करून पेंढ्याचं आच्छादन केलं आहे, तिथे वालाखाली तण कमीच दिसत होतं. पेंढा मात्र तेवढा नाही, तो गुरांनाही लागतो.

संध्याकाळी त्यांनी पोपटी लावली. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, जाडं मीठ, वरून पुन्हा पाला. मडकं उपडं घालून भोवती गवत-गोवऱ्यांचा जाळ. अर्ध्या तासाने उघडलं तेव्हा जो वास आला त्याबद्दल लिहीत बसलो तर वाल राहून जाईल. कडवे वाल, शेंगेसकट वाफवलेले, नखाने सोलून खायचे.

जाताना काकांनी शेजारच्या शेताकडे हात केला. ते त्यांच्या भावाचं होतं, पाच वर्षं बिननांगरी. मागच्या वर्षी विकलं. जेसीबीने वरची फूटभर माती काढून कडेला ढीग घातलाय, रस्त्यासाठी. ढिगावर गवत उगवलं होतं, बाकी सगळीकडे मुरूम.

शनिवार, पुन्हा गच्ची

शुक्रवार झोपण्यात गेला. शनिवारी संध्याकाळी कमिटीची सभा. पार्किंग, लिफ्टचं कंत्राट आणि मग गच्ची. ७०२वाले बोलले, त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, ओल होती. बेस्टवाल्या काकांनी उठून ड्रमखालच्या लाकडी फळ्या, पाण्याचे उतार, वजनाचा हिशोब सगळं सांगितलं. बेननी सगळ्यांना वांगी वाटली होती, त्याचाही काही उपयोग झाला असावा. ठराव असा झाला: परवानगी अकरा महिने, पण मे महिन्यात वॉटरप्रूफिंग होणार, तेव्हा महिनाभर गच्ची पूर्ण रिकामी. पावसाळ्याआधी परत ठेवा.

खाली उतरल्यावर ताई हिशोबाला बसली. कुंड्या-ड्रम हलवता येतात. तीन वर्षांचा वाफा कसा हलवायचा? त्यातली माती गोण्यांत भरली की ती नुसती माती. शेवटी मास्तरांनी आपल्या शाळेच्या मागची जागा सुचवली, भिंतीलगत चाळीस फूट पट्टी, मुख्याध्यापिका तयार आहेत. वाफा तिकडे कायमचा न्यायचा आणि गच्चीवर नवीन ढिगापासून सुरुवात, असं ठरलं. शाळेची जागा संस्थेची, संस्था कुणाची ते मास्तरांनी हसून टाळलं.

टेम्पोवाल्याला फोन लावला. त्याने भाडं सांगितलं ते रेतीचं. ताई म्हणाली, रेती नाही, माती आहे. तो म्हणाला, मॅडम, माती असेल तर डेब्रिज धरतील, नाक्यावर अडवतील, परवानगीचा कागद लागेल. ताईने रिसिव्हरवर हात ठेवून आमच्याकडे बघितलं. काका म्हणाले, "खत सांग." मास्तर म्हणाले, "रोपं सांग, वर दोन कुंड्या ठेवू." फिजिओथेरपिस्ट पोरीचं म्हणणं होतं की तिची स्कूटर आहे, रोज दोन गोण्या, पंधरवड्यात सगळं पार होईल. त्यावर एकमत व्हायच्या आत माझी गाडीची वेळ झाली.